हळू सुरू होणारा आणि वारंवार हँग होणारा डेस्कटॉप: दोष कसा शोधावा

डेस्कटॉप संगणक सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेऊ लागला आणि काम चालू असताना मध्येच हँग होऊ लागला, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकण्याचा. कधीकधी त्याने फरक पडतोही. पण मूळ दोष हार्ड डिस्कमध्ये, रॅममध्ये किंवा पंख्यात साचलेल्या धुळीत असेल, तर अर्धा दिवस घालवून टाकलेली नवी विंडोजही थोड्याच दिवसांत पुन्हा रखडू लागते आणि मधल्या काळात फाइल्स गेल्या तर ते नुकसान वेगळेच. म्हणून या लेखात आधी निरीक्षण, मग विंडोजमधील तपासण्या आणि सर्वांत शेवटी कॅबिनेट उघडून करायची कामे असा क्रम ठेवला आहे. सर्व सूचना विंडोज १० आणि ११ यांच्यासाठी आहेत. त्यांना संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही, मात्र एक शिस्त लागते: एका वेळी एकच बदल करावा, संगणक रीस्टार्ट करून परिणाम पाहावा आणि काय केले ते कागदावर लिहून ठेवावे. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि संगणक सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. बिघडला, तर कशाने बिघडला हेही कळत नाही.

सर्वांत आधी फाइल्सची प्रत

तपासणीला हात घालण्यापूर्वी कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेबाच्या फाइल्स असे जे पुन्हा मिळणार नाही ते सगळे बाहेरच्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर उतरवून घ्यावे. संगणक संथ होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे खराब होत चाललेली डिस्क, आणि अशा डिस्कवर डीफ्रॅगमेंट (विखुरलेल्या फाइल्स एकत्र लावणे) किंवा एरर चेकिंगसारखी तासन्‌तास चालणारी कामे लावली तर ती त्यातच कायमची बंद पडू शकते. म्हणून दुरुस्ती नंतर, प्रत आधी. प्रत काढताना एखाद्या ठरावीक फोल्डरपाशी संगणक दर वेळी अडकत असेल, तर तो फोल्डर सोडून पुढे जावे आणि त्याचे नाव लिहून ठेवावे, कारण डिस्कच्या त्या भागात दोष असल्याची ती जवळजवळ खूणच असते. डिस्कमधून एका लयीत टक-टक असा आवाज येत असेल आणि आतल्या फाइल्स मोलाच्या असतील, तर पुढची कोणतीही तपासणी न करता संगणक बंद करावा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच डिस्क सोपवावी.

ज्यांच्या संगणकावर बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे त्यांनी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच शोधून ठेवावी, कारण बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधील, काही सेटिंग बदलल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज ती मागू शकते.

वेळ नेमका कुठे जातो?

‘संगणक हळू सुरू होतो’ या एका तक्रारीमागे निदान चार वेगवेगळे प्रकार दडलेले असतात. मोबाइलवरचे स्टॉपवॉच घेऊन एकदा नीट पाहिले, तर त्यांतला आपला प्रकार कोणता हे पाच मिनिटांत कळते, आणि पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

पहिला टप्पा पॉवरचे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंतचा. या काळात विंडोज सुरूच झालेली नसते. मदरबोर्डवरचा बायोस किंवा यूईएफआय रॅम, डिस्क, कीबोर्ड यांची हजेरी घेत असतो. इथेच अर्धा-एक मिनिट जात असेल, तर विंडोजमधील कितीही साफसफाई निरुपयोगी ठरते. टास्क मॅनेजरच्या (तो कसा उघडायचा ते पुढे आले आहे) स्टार्टअप ॲप्स या भागात वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ असा आकडा बहुतेक नव्या संगणकांवर दिसतो. तो दहा-पंधरा सेकंदांपर्यंत असेल तर काळजी नाही, पण तीसच्या पुढे जात असेल तर दोष याच टप्प्यात शोधावा. अशा वेळी कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून बाकी सर्व काढून पाहावे: पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, कार्ड रीडर. बाहेरची एखादी डिस्क उत्तर द्यायला वेळ लावत असेल, तर बायोस तिची वाट पाहत थांबतो आणि वापरणाऱ्याला वाटते की संगणकच म्हातारा झाला.

दुसरा टप्पा ठिपके फिरू लागल्यापासून पासवर्डचा स्क्रीन येईपर्यंतचा; इथे डिस्कचा वेग आणि ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून बसवलेला प्रोग्रॅम) यांच्यावर संशय घ्यावा. तिसरा, पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा. इथे अडत असेल तर आता अस्तित्वात नसलेला एखादा नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला राहिला आहे का, ते पाहावे. चौथा प्रकार सर्वांत जास्त आढळणारा आहे. डेस्कटॉप दिसतो, आयकॉन दिसतात, पण क्लिक केले तरी तीन-चार मिनिटे काहीच उघडत नाही. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, जुनी हार्ड डिस्क, अपुरी रॅम किंवा या तिन्ही गोष्टी मिळून हे घडवतात.

इथेच आणखी एक तुलना करून घ्यावी. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि तेव्हापासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. ही सोय चालू असताना शटडाउन केले की विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलून सुरू होते. रीस्टार्ट केले तर मात्र सारे मुळापासून सुरू होते. त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या माणसाच्याही टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू इथे ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसतो. हँग झाल्यावर शटडाउन करून पुन्हा चालू केले तरी त्रास जात नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर मात्र जातो, असे आढळले तर ही सोय बंद करून काही दिवस पाहावे. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडून ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ वर जावे, ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ वर क्लिक करावे आणि खालच्या ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढून सेव्ह करावे.

हँग झाला म्हणजे काय झाले?

हँग झाला की घाईने पॉवरचे बटण दाबून धरण्याची सवय बहुतेकांना असते. त्याऐवजी अर्धा मिनिट थांबून काय काय बंद पडले आहे ते पाहिले, तर दोषाची दिशा कळते.

फक्त एकाच प्रोग्रॅमच्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे येत असेल आणि बाकी सर्व चालत असेल, तर दोष त्या प्रोग्रॅमचा किंवा तो उघडू पाहत असलेल्या फाइलचा. त्यासाठी संगणक उघडण्याची गरज नाही. माउसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता सतत पेटलेला राहतो, असे असेल तर डिस्ककडे वळावे. बाणही थिजला असेल, तर कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दोन-तीन वेळा दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. दिवा बदलत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे आणि अडचण बहुधा ग्राफिक्सची आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळा होतो आणि अनेकदा संगणक तिथून परत येतो. दिवाही बदलत नसेल आणि स्पीकरमधून शेवटचा आवाज घरघरीसारखा अडकून राहिला असेल, तर रॅम, उष्णता, एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा खोलवरचा एखादा ड्रायव्हर यांच्यावर संशय जातो. वायरलेस कीबोर्डला बहुधा असा दिवा नसतो, म्हणून या चाचणीपुरता वायरचा कीबोर्ड जोडावा.

पॉवरचे बटण दाबून धरणे हा शेवटचाच उपाय. डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज तुटली, तर ती फाइल अर्धवट राहते.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये छोटी खिडकी आली तर खालच्या ‘मोअर डीटेल्स’ वर क्लिक करावे. संगणक संथ असतानाच तो उघडावा, नाहीतर पाहण्यासारखे काही उरत नाही. सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने महत्त्वाचे. ज्या रकान्याच्या नावावर क्लिक करावे, त्यानुसार सर्वांत जास्त वापर करणारा प्रोग्रॅम वर येतो.

डिस्कच्या रकान्यातील टक्केवारीचा अर्थ अनेकजण चुकीचा लावतात. १०० टक्के म्हणजे डिस्क भरली असे नव्हे, किंवा ती पूर्ण वेगाने धावते आहे असेही नव्हे. डिस्कला क्षणाचीही उसंत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे टक्केवारीबरोबर परफॉर्मन्स या भागात डिस्कवर क्लिक करून ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हा आकडा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. चांगल्या स्थितीतील हार्ड डिस्कवर कामाच्या भरात तो काही दहा मिलिसेकंदांपर्यंत जातो. पण वापर १०० टक्के, वाचन-लेखनाचा वेग मात्र सेकंदाला एखादा एमबी आणि रिस्पॉन्स टाइम सतत ५०० किंवा १००० मिलिसेकंदांच्या वर, असे चित्र दिसले तर डिस्क एकेक तुकडा पुन:पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आहे असे समजावे. डिस्क एसएसडी (आत काहीच न फिरणारी) आहे की एचडीडी (फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क), हेही याच भागात लिहिलेले असते.

मेमरीचा आकडा नेहमीच्या कामातच ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम कमी पडते आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते असे मायक्रोसॉफ्ट सांगते, पण ती अट विंडोज चालण्यासाठीची आहे, काम करण्यासाठीची नव्हे; ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की ४ जीबी संपते. रॅम संपली की विंडोज उरलेला भार पेज फाइलच्या रूपाने डिस्कवर टाकते, आणि डिस्क जुनी असेल तर तिथून रखडगाडी सुरू होते. साध्या कामाला ८ जीबी आणि निर्धास्तपणे काम करायला १६ जीबी हे धोरण मला योग्य वाटते.

यादीत ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ किंवा ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ अशी नावे वर दिसली, तर घाबरून ती बंद करू नयेत. पहिले विंडोजचे स्वतःचे संरक्षण आहे आणि दुसरे अपडेट बसवण्याचे काम. बरेच दिवस बंद असलेला संगणक सुरू केला की ही कामे एकदम डोके वर काढतात. संगणक तास-दोन तास नुसता चालू ठेवला तर ती आपोआप उरकतात.

आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्स या भागात संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ च्या रकान्यात ‘हाय’ लिहिलेल्यांपासून सुरुवात करावी. गेम लाँचर, चॅटचे प्रोग्रॅम, प्रिंटरबरोबर आलेली जाहिरातवजा साधने, निरनिराळ्या प्रोग्रॅमचे अपडेटर यांवर राइट क्लिक करून डिसेबल करावे. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही; हवा तेव्हा उघडता येतो. संरक्षणाचा प्रोग्रॅम, आवाजाचा ड्रायव्हर आणि आपण खरोखर वापरत असलेली क्लाउड सेवा यांना हात लावू नये.

दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत नाहीत. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही ती तपासू पाहतात आणि संगणक मध्ये भरडला जातो. मुदत संपलेला जुना अँटीव्हायरस काढून टाकावा. त्यानंतर विंडोजचा डिफेंडर आपोआप काम हाती घेतो. ‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ अशा नावांनी मिळणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हळू संगणकावर त्यांतला एकही बसवू नये आणि असेल तो काढावा. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील, काही जुन्या नोंदी पुसल्याने जाणवण्याइतका वेग वाढत नाही, आणि चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोजच बिघडते.

इतके करूनही संशय सॉफ्टवेअरवरच असेल, तर ‘क्लीन बूट’, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या सेवा बंद ठेवून विंडोज सुरू करण्याचा प्रयोग, करावा. स्टार्टच्या शोधात सिस्टिम कॉन्फिगरेशन असे टाइप करून तो उघडावा, सर्व्हिसेस या भागात आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ ला खूण करावी आणि त्यानंतरच ‘डिसेबल ऑल’ दाबावे. हा क्रम उलटा झाला तर विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद होतात. रीस्टार्टनंतर त्रास नाहीसा झाला, तर अर्ध्या सेवा चालू करून पुन्हा पाहावे. त्रास परतला तर गुन्हेगार त्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. असे निम्मे-निम्मे करत गेले की तीसेक सेवांमधून एक सेवा पाच-सहा रीस्टार्टमध्ये हाती लागते. याच खिडकीत बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स इथे प्रोसेसरची संख्या वाढवली की संगणक वेगाने सुरू होतो, असा सल्ला फार पसरलेला आहे. त्यात तथ्य नाही. ती खूण नसताना विंडोज सगळे प्रोसेसर वापरतेच. खूण करून चुकीचा आकडा निवडला तर उलट मर्यादा येते.

सेफ मोडची चाचणीही याच ठिकाणी करावी. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केले, की ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि रीस्टार्ट या वाटेने शेवटी ४ दाबून सेफ मोडमध्ये जाता येते. तिथे फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. तिथेही संगणक हँग होत असेल, तर सॉफ्टवेअरचा पाठलाग सोडून हार्डवेअरकडे वळावे.

डिस्क: जिथे बहुतेक तपास थांबतो

आधी मोकळी जागा पाहावी. सी ड्राइव्हवर निदान १०-१५ टक्के जागा रिकामी हवी. तिच्याशिवाय अपडेट आणि पेज फाइल दोन्हींची कोंडी होते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जागा मोकळी करता येते, पण त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हाही एक पर्याय असतो. त्याला खूण करून पुढे गेले तर डाउनलोड केलेली सारी कागदपत्रे पुसली जातात, तेव्हा यादी वाचूनच बटण दाबावे.

त्यानंतर डिस्कची तब्येत. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दोषांची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या पद्धतीने ठेवते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. हार्ड डिस्कच्या बाबतीत चार ओळी पाहाव्यात. ०५ क्रमांकाची ओळ खराब झाल्याने बदली दिलेल्या सेक्टरांची (डिस्कच्या छोट्या तुकड्यांची), सी५ ही वाचता न आल्याने प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची आणि सी६ ही दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांची. या तिन्हींचे ‘रॉ व्हॅल्यू’ शून्य असावेत. शून्याच्या वर जाऊन दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क बदलण्याची तयारी करावी, आणि सी५ वाढत असताना हँग होण्याचे कारण शोधत आणखी कुठे भटकू नये. चौथी ओळ सी७. ही डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतील चुका मोजते, आणि तिचा दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा, म्हणजे त्या दोघांना जोडणाऱ्या वायरचा, असतो. केबल बदलल्यावर हा आकडा कमी होत नाही. तो तिथेच थांबला की काम झाले.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम इथे हँग झाल्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहाव्यात. ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉकबद्दल असते, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले, आणि ‘स्टोरएएचसीआय’ ची १२९ म्हणजे डिस्कने उत्तर न दिल्यामुळे विंडोजला तिच्याशी असलेला संपर्क नव्याने सुरू करावा लागला. संगणक अर्धा मिनिट थिजून पुन्हा चालू लागतो, अशा तक्रारीत ही १२९ हमखास भेटते. स्मार्टचे आकडे स्वच्छ असतील, तरच ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक या वाटेने फाइल सिस्टिमची तपासणी करावी.

आता डिस्क निरोगी आहे, पण ती फिरणारी हार्ड डिस्क आहे, असे निघाले तर? मग तिच्या वेगाची मर्यादा समजून घ्यावी. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते आणि वाचकाचा हात तिथे सरकायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइल्स ती सेकंदाला साधारण शंभरच वाचू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स वाचते. एसएसडीमध्ये काहीच फिरत नसल्याने हेच काम साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. जुन्या डेस्कटॉपला दिलेली एसएसडी हा माझ्या मते सर्वांत फलदायी बदल आहे. प्रोसेसर बदलूनही एवढा फरक जाणवत नाही. जुन्या मदरबोर्डला अडीच इंची साटा एसएसडी सहज बसते. एम डॉट टू प्रकारची (मदरबोर्डवरच्या खाचेत सरळ बसणारी पट्टी) घ्यायची असेल, तर ती खाच साटा चालवते की एनव्हीएमई ही दुसरी, अधिक वेगवान पद्धत, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण दिसायला दोन्ही जवळपास सारख्या असतात. जुनी डिस्क खराब असेल तर तिचे क्लोन (जशीच्या तशी नक्कल) न करता एसएसडीवर विंडोज नव्याने टाकावी आणि फाइल्स प्रतीवरून आणाव्यात.

एसएसडी डीफ्रॅगमेंट करण्याची गरज नसते. विंडोजमधील ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ एसएसडी ओळखून तिला फक्त ट्रिमची (पुसलेल्या फाइल्सची जागा मोकळी झाल्याचे कळवणारी) आज्ञा देते, तेव्हा ते ठरलेल्या वेळी चालू द्यावे.

विंडोजच्या फाइल्स, ड्रायव्हर आणि व्हायरस

डिस्क चांगली निघाली, तर स्टार्टच्या शोधात ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असे टाइप करावे. तारखेनुसार आलेख उघडतो आणि त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला व त्याच सुमारास काय बसवले गेले, हे एका नजरेत दिसते. त्या दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करावे. व्हायरसचा संशय असेल तर विंडोज सिक्युरिटीमधील ऑफलाइन स्कॅन वापरावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालत असल्याने लपून बसलेले प्रोग्रॅमही त्याच्या तावडीत सापडतात. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे त्या संगणकांवर ही तपासणी टाळू नये.

कॅबिनेट उघडल्यावर

वरच्या तपासण्यांत काही सापडले नाही किंवा सेफ मोडमध्येही संगणक हँग होतो, तर कॅबिनेट उघडावे. वीज बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार उतरवावा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा.

धूळ हवेच्या डब्याने किंवा ब्लोअरने उडवावी आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो वाऱ्याने भरधाव फिरून खराब होऊ शकतो. प्रोसेसरवरचा कूलर चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी बसवलेला असेल, तर चारही खिळे बोर्डच्या मागच्या बाजूला पूर्ण बाहेर आले आहेत का, हे टॉर्चने पाहावे. एक खिळा सुटलेला असला तरी कूलर वरून जागेवरच दिसतो, पण त्याचा एक कोपरा प्रोसेसरपासून उचललेला असतो आणि दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर तापमान चढते. काही काम नसताना ३५ ते ५० अंश सेल्सिअस ठीक. भरपूर कामात ८० पर्यंतही चालते. ९५-१०० च्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. सुरू केल्यावर चांगला चालणारा आणि तापल्यावर रखडणारा संगणक याच कारणाने तसा वागतो. कूलर काढला तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नये.

रॅमची पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्याने सुटणारे दोष आश्चर्य वाटावे इतके असतात. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून एक-एक दिवस संगणक चालवावा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिकने प्राथमिक तपासणी होते. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून चालवून रात्रभर चार फेऱ्या होऊ दिल्या तर अधिक खात्री मिळते. या तपासणीत एकही चूक खपवून घेऊ नये. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी चालू असेल, तर ते बंद करून पुन्हा तपासावे, कारण कित्येकदा रॅम खराब नसते, तिला तो वेग झेपत नसतो. डीडीआर५ रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटे काळा राहू शकतो. तो बिघाड नव्हे, तेव्हा वीज तोडू नये.

तारीख-वेळ रोज मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा. मदरबोर्डवरचे एखादे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर बोर्ड जाणकाराला दाखवावा. गेम किंवा व्हिडिओचे जड काम लावले की संगणक एकदम थिजतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो, अशा वेळी एसएमपीएसवर संशय घ्यावा. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद पाहून एसएमपीएस बदलणारे बरेच असतात. पण ती नोंद एवढेच सांगते की विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. बटण दाबून धरले तरी तीच नोंद पडते. चांगल्या स्थितीतील दुसरा एसएमपीएस लावून पाहणे, हीच घरगुती पातळीवरची खरी चाचणी. तो उघडून पाहू नये; वायर काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो.

डिस्क, रॅम आणि तापमान तिन्ही चांगले असतील, तरच विंडोज नव्याने टाकण्याचा विचार करावा. सेटिंग्जच्या रिकव्हरी या भागात ‘रीसेट धिस पीसी’ मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले, तर वैयक्तिक फाइल्स राहतात आणि बसवलेले प्रोग्रॅम जातात, म्हणून त्यांच्या लायसन्स की आधी उतरवून घ्याव्यात. नव्या विंडोजवर सर्व प्रोग्रॅम एकदम चढवू नयेत. अपडेट आणि ड्रायव्हर बसवून दोन-तीन दिवस संगणक तसाच वापरावा आणि मग एकेक प्रोग्रॅम घालत जावा. कोऱ्या विंडोजवर, चांगल्या डिस्कवर आणि तपासलेल्या एका रॅमवरही संगणक थिजत असेल, तर उरतात मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस. तिथून पुढे अदलाबदलीचे सुटे भाग लागतात. दुरुस्तीला देताना कोणत्या टप्प्यात किती वेळ जातो, कॅप्स लॉकचा दिवा बदलतो की नाही, स्मार्टचे चार आकडे आणि आतापर्यंत काय काय बदलून पाहिले, एवढे लिहिलेला कागद संगणकाबरोबर द्यावा.